पोरगं नुसतं खेळालंय, ही तक्रार आहे का?

मागच्या महिन्यात आमच्या बेळगावातल्या एका प्लेग्रुपच्या पालक मीटिंगला जाऊन बसले होते, बहिणीच्या सुनेला रजा मिळाली नाही म्हणून तिच्या जागी मी. दोन-अडीच वर्षांची चौदा पोरं आहेत तिथं. मीटिंग सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, एक बाबा उठून म्हणाले, "टीचर, तीन महिने झाले फी भरालोय, पोरगं नुसतं खेळालंय, एबीसीडी कधी चालू करणार?" आणि मग जे सुरू झालं ते तासभर थांबलंच नाही. एक म्हणे इंग्लिशच बोला पोरांशी, मराठी घरी आहेच की. एक ताई म्हणाल्या मराठी गाणी एकपण नाहीत, आपल्या गावात आपलीच भाषा मेली तर दाद कुणाकडं मागायची. तिसरे म्हणाले कन्नड आत्तापासून कानावर घाला, पुढं शाळेत अडतंय. आवाज चढले, जुनं सगळं निघालं, सीमाप्रश्नसुद्धा निघाला. आणि त्या पूर्ण तासात ती चौदा पोरं शेजारच्या खोलीत खुर्च्यांवर ओळीनं बसून टीव्हीवर कार्टून बघत होती, आम्हाला त्यांच्याबद्दल बोलता यावं म्हणून त्यांना गप्प बसवून ठेवलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी इथंच वडगावात सोळा वर्षं पाळणाघर चालवलंय. मागावर जाणाऱ्या बायकांची, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची, नंतर नंतर बँकेतल्या आणि आयटीतल्या पोरींचीपण पोरं सांभाळली, मराठी घरातली, कन्नड घरातली, उर्दू बोलणारी, सगळी. त्या जोरावर माझं मत आधीच सांगून टाकते. दोन वर्षांच्या मुलाला पाळणाघरात काय, प्लेग्रुपात काय, अंगणवाडीत काय, खेळ हेच मुख्य काम असलं पाहिजे, बाकी सगळं त्याच्या पोटात. आणि आपण बेळगावकर ज्या भाषेवरून इतकं भांडतो ती भाषासुद्धा त्या वयात खेळता खेळताच जिभेवर येते, त्यामुळं खेळ बाजूला ठेवून भाषेचा वाद घालणं म्हणजे विहीर न खणता पाणी कुणाचं यावर मारामारी करणं आहे.

आधी खेळ म्हणजे काय ते बोलू, कारण मीटिंगमध्ये हा शब्द शंभरदा आला पण त्याचं चित्र कुणाच्याच डोळ्यापुढं नव्हतं असं मला वाटलं. दोन वर्षांच्या पोरीला एक तांब्या, एक वाटी आणि टबात चार बोटं पाणी द्या. ती तांब्या बुडवते, वाटीत ओतते, वाटी भरून वाहते, ती थांबून बघते, परत ओततेय. आपल्याला वाटतं तेच तेच चाललंय. पण दहाव्या वेळी ती ओतताना हात जरा आधी थांबवते बघा, वाटी भरायच्या जरासं आधी. ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. मनगट कधी वळवायचं, किती म्हणजे भरलं, भरलेलं जड का लागतं, हे सगळं तिचं तिनं काढलं. हेच पोरगं पाच मिनिटं खुर्चीत बसत नाही म्हणून तक्रार येते आणि टबापाशी पंचवीस मिनिटं हलत नाही. मग लक्ष लागत नाही हा दोष कुणाचा? आणि हात म्हणाल तर त्या वयात मनगटातली बरीच हाडं अजून कुर्चेचीच असतात, खडू धरतात तोसुद्धा अख्ख्या मुठीत, पेन्सिल तीन बोटांत धरायची ताकद नंतर येते आणि ती येते कणीक मळून, डबीचं झाकण उघडून, ओला फडका पिळून. डॉटवर डॉट जोडायच्या वर्कशीटनं ती येत नाही, उलट पोर चुकीची पकड शिकून बसतंय.

अजून एक गोष्ट पालकांना फार सतावते, "आमचं पोर दुसऱ्यांत मिसळत नाही, शेजारी बसून एकटंच खेळतंय." अहो ते मिसळणंच आहे. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी लहान मुलांचा खेळ बघून १९३२ साली हे लिहून ठेवलं, की या वयाची पोरं एकमेकांच्या शेजारी, तशाच वस्तूंनी, पण आपापलं खेळतात, त्याला समांतर खेळ म्हणतात, आणि हळूहळू त्यातूनच पुढं एकत्र खेळणं येतं. म्हणून माझ्याकडं कुठलीही वस्तू एकच कधी नसायची. दोन टोपल्या, दोन पळ्या, दोन गाड्या. 'शेअर कर, शेअर कर' म्हणून दोन वर्षांच्या पोराच्या हातातली गाडी काढून घेण्यापेक्षा दुसरी गाडी ठेवणं जास्त शहाणपणाचं आहे.

आता त्या बाबांचं म्हणणं. मी त्यांना हसणार नाही, कारण त्यांची भीती खरी आहे. ज्याच्या घरात इंग्लिश पेपर येतो, ज्याचा काका पुण्यात मॅनेजर आहे, त्याचं पोर दोन वर्षं मातीत लोळलं तरी त्याला पुढं कुणीतरी हात देणार आहे. पण जो ओव्हरटाइम करून फी भरतो त्याला एकच शिडी दिसते आणि ती इंग्लिशची आहे, आणि आपलं पोर त्या शिडीवर शेवटी चढलं तर काय ही धास्ती त्याला झोपू देत नाही. खेळायचं म्हटलं तर घरी फुकट खेळेल की, त्यासाठी पैसे का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. वर त्याला प्लेग्रुपवाल्यांनीच सांगितलेलं असतं की मेंदूची वाढ सहाव्या वर्षाच्या आत ८५ टक्क्यांच्या वर होते, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय ते, मग तो म्हणणारच की ही वर्षं वाया का घालवता.

पण बघा, त्याच धोरणात या वयाबद्दल पुढं खेळातून, कृतीतून शिकण्याचंच सांगितलंय, ते वाक्य जाहिरातीत येत नाही. मेंदू झपाट्यानं वाढतो हे खरं म्हणूनच त्याला खरं खाद्य पाहिजे. 'ए फॉर ॲपल' घोकणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला विचारा बघू सफरचंद कुठं आहे, ते भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट दाखवतंय. तेच पोर दोन ओंजळी वाळू एका डब्यात आणि एक ओंजळ दुसऱ्यात टाकून "हे ज्यादा" म्हणतं तेव्हा त्याचं गणित सुरू झालेलं असतं. आणि घरी फुकट खेळेल म्हणता, ते घर आता राहिलंय का? पूर्वी वडगाव-शहापुरात घरामागं परसू होता, बोळात पोरं सोडली की संध्याकाळी आणायची. आता पुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आणि दोन स्कूटर, वरच्या मजल्यावर भाडेकरू, आजी थकलेली, आई कामावरनं येऊन चूल बघणार, मग पोराच्या हातात मोबाईल येतो, त्यात कुणाचा दोष नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलाला दिवसात स्क्रीन एक तासाच्या वर नको, कमी असेल तर बरंच, आणि दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल पाहिजे. हे तीन तास घरी कुठनं येणार? म्हणून तर पाळणाघरात यायला पाहिजेत. घरी नाही मिळत ते विकत घेतो ना आपण? मग खेळच विकत घेताय असं समजा, आणि तो चोख मिळतोय का ते बघा.

हे काही आजचं भांडण नाही. फ्रॉबेल नावाच्या जर्मन शिक्षकानं १८३७ साली लहान मुलांसाठी खेळ, गाणी, बागकाम अशी जागा काढली आणि पुढं तिला किंडरगार्टन नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. तिथल्या प्रशियाच्या सरकारला त्या बागेची इतकी भीती वाटली की १८५१ मध्ये बंदी घातली, फ्रॉबेल पुढच्या वर्षी गेला, बंदी उठली ती १८६० ला. त्या बागेची दोन अक्षरं आपण आजपण बोर्डावर लिहितो, एलकेजी, युकेजी, त्यातलं केजी तेच. बाग कुठं आहे त्यात? आणि आपल्याकडचा शब्द घ्या, अंगणवाडी. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, गरिबांची पोरं बालवाडीत येत नाहीत हे बघून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी पुढं कुरणशाळासुद्धा काढली, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आयुष्यभर राहिल्या. खडे, पानं, शिंपले, माती, जे अंगणात सापडेल ते शिक्षणाचं सामान. मग २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यात म्हैसूरकडचं टी. नरसीपूरपण होतं, आणि देशभर केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज बेळगावात पाटीवरून एवढं राजकारण होतंय, २०२४ च्या कायद्यानं ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून, पण हा एक शब्द दोन्ही भाषांत तोच आहे, कन्नडमध्येपण अंगनवाडीच. पाटी कुठल्या लिपीत त्यावर आपण रस्त्यावर उतरतो, आणि त्या पाटीमागं अंगण आहे का हे एकदा तरी कुणी बघितलंय?

तिथंच मला मराठीसाठी भांडणाऱ्या ताईंशी बोलायचंय, कारण त्या माझ्या जवळच्या आहेत आणि त्यांचं दुःख माझंपण आहे. १९५६ पासून आपण जे सोसलं ते मी विसरा म्हणत नाही. अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं हे घटनेच्या ३५०-अ कलमात आहे आणि ते मागणं आपला हक्क आहे. त्यांचा मुद्दापण पक्का आहे, की बालवाडी मराठी नसेल तर पहिलीला पोर मराठी शाळेत येणार नाही, आणि पट कमी झाला की शाळा बंद पडते. मान्य. पण उपाय म्हणून त्या काय मागतात, तर मुळाक्षरांचा तक्ता लावा आणि कविता पाठ करून घ्या. दोन वर्षांच्या पोरात मराठी तक्त्यातून जाईल होय? मराठी जाते ती बोटं मोजत मोजत काखेपर्यंत गुदगुल्या नेताना, पदराआड लपून 'भो' करताना, मांडीवर घेऊन झुलवताना, चिमणीला दाणा टाकताना. दोन वर्षांचं पोर जेमतेम दोन शब्द जोडतंय, "मला पानी," "बाबा गेला," आणि ते शब्द वस्तूला चिकटूनच येतात. माझ्या टबापाशी एक कन्नड घरातला मुलगा आणि एक मराठी घरातली मुलगी शेजारी बसायची, तो "नीर" म्हणायचा ही "पानी," आठ-दहा दिवसांत ती "नीर दे" म्हणाली, आणि तो माझ्याकडं तांब्या धरून "पानी हाक्" म्हणाला, हाक् म्हणजे कन्नडमध्ये ओत, घाल. दोघांच्या आया संध्याकाळी ऐकून थक्क झाल्या. कुणाची भाषा मेली त्यात? दोघांना दोन्ही मिळाल्या. जी बाई पोराशी दिवसभर प्रेमानं, भरभरून, तिच्या स्वतःच्या भाषेत बोलते ती त्याला जास्त देते, मोडक्या इंग्लिशमध्ये "सिट डाऊन, डोन्ट टच" एवढंच बोलणाऱ्या बाईपेक्षा. मराठी पोरांसाठी मराठी बोलणारी, खेळवणारी बाई मागा, तुमच्याबरोबर मी येते मागायला. तक्ता मागू नका.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, आणि तो त्या मीटिंगमध्ये कुणी काढलाच नाही, तो टीचरच्या चेहऱ्यावर होता. खेळ घ्यायचा तर माणूस पाहिजे. एका बाईकडं चौदा पोरं, पाणी, वाळू, त्यात एकाला शी, एकाला ताप, आणि संध्याकाळी एखादी आई म्हणणार कपडे घाण का केले. अंगणवाडीत तर विचारूच नका. सेविका आणि मदतनीस दोघी, वर पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरा, सर्वे करा, पोलिओचं बघा. त्यात शाळापूर्व शिक्षण योजनेत आहे ते तीन ते सहा वर्षांसाठी, दोन वर्षांच्या पोराच्या वाट्याला वजन, लस आणि घरी न्यायचं आहाराचं पाकीट. कारखान्यांचं तसंच. ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघराची खोली पाहिजे हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात होतं, विडी कामगारांसाठी १९६६ च्या कायद्यात मुलांच्या खोलीचं होतं, निपाणीच्या तंबाखूतल्या बायकांना विचारा या खोलीची किंमत काय ती. पण फॅक्टरी कायद्याच्या त्या कलमात उजेड होता, हवा होती, स्वच्छता होती, सांभाळणारी बाई होती. खेळ हा शब्द नव्हता. पोर म्हणजे आई येईपर्यंत ठेवायची वस्तू, हाच विचार खोल बसलाय आपल्यात.

तरीपण म्हणून खेळ सोडून द्यायचा का? उलट मी म्हणते मागणी बदलली पाहिजे. कर्नाटक सरकारनं २०२३-२४ च्या बजेटमध्ये ४,००० ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' काढायचं जाहीर केलं, तान्ह्यापासून तीन वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी, शब्दाचा अर्थच बाळाचं घर. केंद्रानं २०२४ मध्ये 'नवचेतना' म्हणून जन्म ते तीन वर्षांचा आराखडा काढला, त्यात ३६ महिन्यांचं कॅलेंडर आणि १४० कृती आहेत. म्हणजे कागद आता आपल्या बाजूला आहे. पण आपण भांडतो कशासाठी, तर अंगणवाडीतपण एलकेजी-युकेजी लवकर यावं म्हणून. कुणी पंचायतीत जाऊन म्हटलंय का की आमच्या गावच्या कूसिन मनेत एक बाई वाढवा आणि दारात वाळूचा चौक करून द्या? १९९३ मध्येच, मुलांवरचं अभ्यासाचं ओझं बघायला नेमलेल्या प्रोफेसर यशपाल यांच्या समितीनं सांगितलं होतं की शाळेआधीच्या वर्गांत लिहिणं-वाचणं-आकडे लादणं ही लहान मुलांवरची हिंसा आहे. हिंसा हा शब्द त्यांनी वापरलाय, मी नाही.

आणि सामानाचं म्हणाल तर ते अवघड नाहीच. खानापूरची माती आपल्या जिल्ह्यात, कुंभारांच्या हातात पिढ्यानपिढ्या आहे, एक गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठवडा जातो. हळद घातलेली कणीक, मीठ जरा जास्त, पोरं भाकऱ्या थापतात आईसारख्या. स्टीलच्या वाट्या आणि लाकडी डाव, फाटक्या साड्यांचे तंबू, पुठ्ठ्याचे खोके आत शिरायला, शर्यतीला उलट्या टोपल्या. पावसाळ्यात बाहेर कसं म्हणता? आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊसच, चार महिने पोर कोंडून ठेवणार काय, पागोळ्यांखाली वाटी धरू दे की दहा मिनिटं, मग पुसा आणि कोरडे कपडे घाला. फक्त सुटे दाणे नकोत. माझ्याच पाळणाघरात एकदा एका पोरानं हरभरा नाकात घातला आणि डॉक्टरकडं पळावं लागलं, त्या दिवसापासून शेंगदाणे, वाटाणे, मणी, बटणं सगळं वरच्या फळीवर गेलं. आणि पाण्याच्या टबापाशी मोठं माणूस हात लांब करून पोचेल एवढ्यावर पाहिजेच, चार बोटं पाण्यातसुद्धा पोर बुडतंय, फोन आला तरी उठायचं नाही, खेळ संपला की टब पालथा.

खेळाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही एक सांगायचंय. सगळी पिवळ्या कपड्यांत यलो डे, आईनं रात्री बारापर्यंत जागून केलेला कागदी आंबा, फोटोसाठी पोराच्या हातात दिला आणि फोटो झाल्यावर काढून घेतला, पोर रडालंय. याला खेळ म्हणू नका. त्यात पोराचं काही नाही, ते आपल्या ग्रुपवर टाकण्यासाठी आहे. पोराचा आंबा कसा असतो माहीत आहे? पिवळ्या रंगात बुडालेला तळहात आणि अर्धा रंग फरशीवर. तो ग्रुपवर टाकला तर पालक विचारतात हे काय आहे. आणि आपण तरी मातीला एवढे परके कधी झालो? मातीचे बैल करून पूजणारी माणसं आपण, मराठी घरात बेंदूर, कन्नड घरात मण्णेत्तिन अमावास्या, दिवाळीला बेळगावच्या गल्लीगल्लीत मातीचे किल्ले, मोठी पोरं आठ-आठ दिवस चिखलात, आणि आपण कौतुकानं बघायला जातो. दहा वर्षांच्या दादाच्या किल्ल्याचं कौतुक आणि दोन वर्षांच्या पोरीनं त्याच चिखलात हात घातला की चापट?

त्या मीटिंगमध्ये शेवटी ठरलं काय, तर दिवाळीनंतर वर्कशीट चालू करायच्या, आणि भाषेचं पुढच्या वेळी बघू. पुढची मीटिंग येत्या दुसऱ्या शनिवारी आहे. मी टीचरना फोन करून विचारलं, खुर्च्या भिंतीला लावून मधे दोन टब ठेवले तर चालेल काय, पोरं आणि आईबाप एकाच खोलीत, अर्धा तास कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या मावशी, फरशी सगळी ओली होईल, आमच्या आयाबाई रजेवर आहेत. मी म्हटलं पुसायला मी येते, घरनं फडकी घेऊनच येते.